एक घर उघड

“भर उन्हात लाइट काहून मारता भाऊ?”

२०१३ चा एप्रिल होता. बदनापूर तालुक्यातल्या एका वाळलेल्या मोसंबीच्या बागेत दुपारी बाराच्या सुमाराला मी उभा होतो आणि समोरचे बाबा माझ्या फ्लॅशकडे बघून हसत होते. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला. विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवायची ऐपतही बहुतेकांची संपली होती. शेतकरी वाळल्या झाडापाशी उभं राहून फोटो काढून घेत. कुणी अर्जाला जोडायला, कुणी बँकेत दाखवायला, आणि काही जण नुसतेच, उद्या झाडं तोडून सरपणाला जायची म्हणून. त्या उन्हाळ्यात लग्नांपेक्षा बागांचेच फोटो मी जास्त काढले.

बाबांच्या डोक्याला पांढरा रुमाल, अंगात पांढरा सदरा. सूर्य बरोबर माथ्यावर. रुमालाच्या सावलीत डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा तेवढ्या दिसत होत्या. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या हिशेबानं फोटो अगदी बरोबर होता. झाड स्पष्ट, भेगाळलेली माती स्पष्ट, सदऱ्याच्या चुण्यासुद्धा स्पष्ट. फक्त माणूस कोण ते ओळखू येत नव्हतं, आणि ज्या कागदाला हा फोटो लागणार त्यावर नाव त्याचं होतं.

“उन्हासाठी नाही बाबा, तुमच्या डोळ्यांसाठी मारतोय.”

“डोळे बघून काय जास्त पैशे देनार हायेत का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयएसओ २००, शटर सेकंदाचा दोनशेवा हिस्सा, छिद्र १६ वर. एवढ्या बारीक छिद्रातून माझ्या फ्लॅशचा उजेड तीन-चार पावलांपलीकडे काही कामाचा राहत नाही, म्हणून अगदी जवळ गेलो आणि बटण दाबलं. डोळे आले.

आकड्यांची ही जोडी मला तोंडपाठ आहे, कारण ती मीटरवर नव्हे तर सूर्यावर चालते. कडक उन्हात छिद्र १६ वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे आयएसओच्या, आकड्याएवढं. शंभरची फिल्म तर शंभरावा-सव्वाशेवा हिस्सा, दोनशेची तर दोनशेवा. बॅटरी संपो, मीटर बिघडो, फोटो येतो. माझ्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यात मला एवढंच शिकवलं होतं आणि वर म्हणाले होते, “जालन्यात आठ महिने तेवढ्यावर पोट भरतं.”

मास्तरांचा स्टुडिओ जुन्या जालन्यात होता. १९९४ साली मी घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावाहून तिथं आलो तेव्हा दहावी झालेली होती आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. पहिले तीन महिने झाडू मारणं, चहा आणणं, पासपोर्टच्या गिऱ्हाइकाला कंगवा देणं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ट्रे हलवणं. मग एके दिवशी मास्तरांनी त्यांचा पेंटॅक्स के १००० माझ्या हातात दिला. फिल्म काढून घेतलेली होती. कॅमेऱ्याची मागची फळी उघडी ठेवून ते म्हणाले, “आता बघ.” त्यांनी लेन्सवरची कडी फिरवली. आतली पाती मिटत गेली आणि उजेडाचं भोक लहान लहान होत गेलं.

मी आकडे वाचत होतो. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडा वाढत होता आणि भोक बारीक होत होतं. हे उलटं का, हे विचारायचा मला धीर होईना. मास्तरांनीच फूटपट्टी काढली. लेन्स ५० मिलिमीटरची. ५० ला २ नं भाग, २५ मिलिमीटर. खिशातून त्यांनी एक रुपया काढून टेबलावर ठेवला. तेव्हाचा स्टीलचा रुपया बरोबर २५ मिलिमीटरचा होता. आता ५० ला १६ नं भाग. तीन मिलिमीटर आणि थोडं. त्यांनी डब्यातून ज्वारीचा दाणा शोधून रुपयाशेजारी ठेवला. तो डबा कबुतरांसाठी होता. रुपया आणि ज्वारीचा दाणा, या दोन गोष्टी मी पुढं शिकायला आलेल्या प्रत्येक पोरासमोर ठेवल्या आहेत. नाणी बदलली, लहान झाली, तर एक जुना रुपया मुद्दाम जपून ठेवला आहे.

मधले विचित्र आकडे मात्र मला बरेच दिवस छळत राहिले. २ नंतर ३ का नाही, २.८ कशाला? शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ पाठ केलं होतं, पण ते कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. भोकाची रुंदी निम्मी केली तर आत येणारा उजेड निम्मा नाही, पाव होतो. निम्मा हवा असेल तर रुंदीला २ नं नव्हे, १.४ नं भागायचं. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्याच्या १.४ पट. इंग्रजीत याला स्टॉप म्हणतात. मास्तर ‘घर’ म्हणत. एक घर उघड, दोन घरं मिट. सोंगट्यांच्या पटावरून त्यांनी तो शब्द उचलला असावा. आमच्या स्टुडिओत कुणी स्टॉप म्हणालंच नाही.

उजेड किती आत घ्यायचा हे दोन तऱ्हांनी ठरतं, भोक केवढं आणि ते किती वेळ उघडं. हे मला समजवावं लागलं नाही. आमचं गाव जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. लहानपणी रात्री-अपरात्री कंदील घेऊन वडलांबरोबर उसाला बारं धरायला मी जात असे. दार मोठं उघडलं तर सरी लवकर भरते, बारीक ठेवलं तर उशिरा, पण सरी भरायला पाणी तेवढंच लागतं. पुस्तकं एवढ्यावर थांबतात. पाणी धरलेल्या माणसाला पुढचंही माहीत असतं. दार मोठं उघडलं की लोंढा येतो आणि वरंबा फुटतो. बारीक धार सोडली तर जमीन खोलवर भिजते, पण रात्रभर जागावं लागतं. पाणी तेवढंच, पण उसाला ते सारखं लागत नाही. छिद्राचंही तसंच. २ वर उघडं ठेवलं तर नवरीच्या डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या स्पष्ट आणि कान धूसर. १६ वर मिटलं तर नवरीही स्पष्ट, मागच्या मांडवाची फाटकी कनातही स्पष्ट, पण शटर इतका वेळ उघडं ठेवावं लागतं की अक्षता टाकणारे हात फराट्यासारखे उमटतात. उजेड दोन्हीकडे सारखाच.

मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा माझ्याच चुकीनं.

एका हळदीचं काम मास्तरांनी माझ्या एकट्यावर सोपवलं. आदल्या दिवशी कॅमेऱ्यात चारशेची फिल्म होती. सकाळी मी शंभरची भरली आणि फिल्मच्या वेगाची चकती फिरवायला विसरलो. के १००० ला फिल्म कोणती ते कळत नाही, आपण सांगू ते तो खरं मानतो. काटा दिवसभर अगदी मध्यावर येत होता आणि मी खुशीत होतो. छत्तीस फोटो, सगळे दोन घरं कमी. लॅबमधून आले ते चिखलात बुडवून काढल्यासारखे. हळद तपकिरी, साड्या काळपट. मुलीच्या वडलांनी एकेक फोटो हातात घेऊन खाली ठेवला आणि शेवटी विचारलं, “त्या दिवशी ढग आले होते का हो?” मास्तर म्हणाले, “हो, आले होते.” मला ते आजवर एका शब्दानं बोलले नाहीत. पैसे मात्र त्यांनी परत केले आणि माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून कापले.

दुसऱ्यांदा मीटर खरोखरच खोटं बोलला, आणि तो कापसावर.

जालना म्हणजे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या वाटेनं पुढं कितीतरी लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. बियाण्याचं पाकीट विकलं जातं ते त्यावरच्या फोटोवर. शेतकरी आधी फोटो बघतो, मग जात, मग भाव. अशा एका लहान कंपनीचं काम मला मिळालं. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटात जाऊन फुटलेल्या कापसाच्या बोंडांचा फोटो काढायचा. मी काटा मध्यावर आणून एक रोल संपवला. कापूस राखेच्या रंगाचा आला. मालकानं विचारलं, “हे जुनं कपाशीचं गाठोडं कुणाच्या घरातलं?”

मीटरचा दोष म्हणावा तर दोष, नाहीतर स्वभाव. त्याला समोर काय आहे ते कळत नाही. त्याच्या लेखी सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. पांढऱ्याशुभ्र कापसासमोर त्याला धरलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, मिटा. आपण मिटतो आणि कापूस करडा होतो. नांगरलेल्या काळ्या मातीसमोर धरलं की वाटतं उजेड कमी आहे, उघडा. मग आमची काळी जमीन मुरमाड दिसते. जगात कुठं करडा रंग जास्त असेल तिथल्या माणसानं हे यंत्र बनवलं असणार. इथं खरीप म्हणजे काळ्या मातीवर पांढरा कापूस, आणि मीटर दोन्हीकडे चुकतो. कापसाला दीड घर उघडायचं, मातीला एक घर मिटायचं. त्या प्लॉटात आणखी एक भांडण होतं. पाच बोंडं पुढंमागं, मालकाला पाचही स्पष्ट हवी, म्हणजे छिद्र १६. मग शटर लांबलं, आणि वाऱ्यानं झाड हलत होतं. दोन पोरांना चादर धरून उभं केलं, तरी हललं. शेवटी पहाटे साडेसहाला गेलो. वारा पडलेला, उजेड कोवळा, तिपाई लावली आणि सेकंदाचा पंधरावा हिस्सा. दवाचे थेंब फुकटात मिळाले. ते पाकीट बरीच वर्षं चाललं. बियाणं चाललं की फोटो, ते मला ठाऊक नाही.

मीटरवरचा उतारा मास्तरांनी त्याच सुमाराला शिकवला. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्या उजेडात तळहात धर, मीटर त्यावर मोज, आणि एक घर उघड. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण दुप्पट उजळ असतो, म्हणून एक घर. मला वाटलं, माझा हात सावळा, मास्तरांचा गोरापान, मग मोजमाप सारखं कसं येईल? त्यांनी दोघांचे पंजे शेजारी धरले. पाठीकडून दोन जातीची माणसं. उलटे केले आणि तळवे जवळजवळ एका रंगाचे निघाले. कॅमेऱ्यातून मोजलं तर काटाही एकाच जागी. मग मी स्टुडिओत येईल त्याचा तळहात मोजत सुटलो. मारवाडी पेढीवरचे शेठ, भाजीवाली मावशी, कचेरीतले साहेब. पाव घराचा फरक असेल नसेल. गंमत म्हणून सुरू केलं होतं ते.

ती गंमत कडू झाली स्थळाच्या फोटोंमुळे.

लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा म्हणजे आई बरोबर येते, बाकावर बसते आणि निघताना हळूच सांगते, “जरा उजळ काढा.” हे सगळ्याच स्टुडिओंत चालत आलेलं. काळ्या-पांढऱ्याच्या जमान्यात निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची आणि एन्लार्जरखाली कागदाला उजेड कमी द्यायचा, की चेहरा उजळतो. रंगीत आलं तेव्हा लॅबवाल्याला चिठ्ठीवर लिहायचं, ‘फेस लाइट’. पुढं संगणक आला आणि चिठ्ठीची गरज उरली नाही. मीही केलं, वर्षानुवर्षं केलं आणि चांगलं करतो म्हणून नाव झालं. परतूर-मंठ्याहून लोक यायचे. एक घर उघडलं की सावळी मुलगी निमगोरी, दोन घरं उघडलं की नाकाची कड पुसट व्हायला लागते, तिथं थांबायचं. कुठं थांबायचं ते कळणं हीच माझी कारागिरी होती.

एक दिवस एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी मीच दिलेलं पाकीट काढलं. म्हणाले, “पाहुणे येऊन गेले. पोरगी चहा घेऊन आली तर ते म्हनले, ही धाकटी का? फोटोतली कुठंय?” मी मान खाली घातली. ते चिडले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी कनवटीचे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. “दुसरा काढून द्या. हाये तशी.” मुलगी बाहेर रिक्षात बसली होती. तिला बोलावलं, दिव्यांसमोर बसवलं आणि तळहात पुढं करायला सांगितलं. कापूस वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या होत्या. मीटर मोजला, एक घर उघडलं, त्यावर काही नाही. तो फोटो कसा आला? चांगला आला. गाल सावळे आणि त्यांवर दिव्याची झळाळी, जी फिक्या चेहऱ्यावर कधी उठतच नाही, कारण उजळ करायच्या नादात तीच पहिली पुसली जाते. फिल्मवर ती थोडीफार तगते. डिजिटलमध्ये एकदा पांढरं झालं की त्यात काही उरत नाही, कितीही ओढा.

त्यानंतर मी आयांना सांगायला लागलो की दोन प्रती देतो, एक तुमच्या मनासारखी, एक आहे तशी. बहुतेक जणी पहिलीच नेतात. आता तर मोबाइलच न विचारता चेहरा धुऊन काढतो, माझ्याकडं कुणी उजळ करायला येत नाही. तेवढं पाप कमी झालं म्हणायचं.

अंधाराचं शिक्षण मला भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याच्या देवळात मिळालं. कोरीव खांबांचा मंडप, वर घुमटासारखं छत, आणि आत गेल्या गेल्या काहीच दिसत नाही. डोळे पाच मिनिटांनी सरावतात. कॅमेऱ्याला सराव नावाची गोष्ट नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. छिद्र ११, तिपाई, मीटर म्हणाला आठ सेकंद. मी सोळा दिले, कारण सेकंदाच्या पुढं फिल्म सुस्तावते. दुप्पट वेळ दिला तर कुठं सांगितल्याएवढं काम करते. इथून अजिंठा जवळच. तिथं १८४४ साली रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि पुढं कॅमेऱ्याकडं वळला. त्याच्या नकलांपैकी बऱ्याच १८६६ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसन याच्याबरोबर १८६४ मध्ये काढलेल्या पुस्तकातली त्याची छायाचित्रं उरली. शटरवर बोट ठेवून मी सोळा आकडे मोजत होतो, तेव्हा त्या अंधारात काचेवरचं ओलं रसायन वाळायच्या आत फोटो उरकणाऱ्या त्या माणसाची मला कीव आली. हेवाही वाटला. त्याला कुणी घाई करणारं नव्हतं.

घाई होती लोखंडाच्या कारखान्यात. २०१६ च्या आसपास औद्योगिक वसाहतीतल्या एका सळईच्या मिलचं काम आलं, माहितीपत्रकासाठी. भंगार वितळवून बिलेट ओततात, ती पुन्हा तापवून रोलमधून काढतात. बिलेट निघते ती पिवळी, रोलमधून लांबत लांबत नारिंगी, आणि थंड व्हायच्या पट्ट्यावर पोचेपर्यंत लाल. मालकाला तो नारिंगी हवा होता. शेडमध्ये अंधार, सळई आली की मीटर उसळायचा, गेली की बसायचा. मी त्याला बंद केलं आणि हातानं मोजलं. सळईचा रंग टिकवायचा तर शटर पाचशेवा हिस्सा, शेजारी चिमटा घेऊन उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा तर पंधरावा. मधे पाच घरं. दोन्ही एका फोटोत येणं नाही. मालकाचे फोटो मी पाचशेवर काढले. सुरेख आले. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी रेघा आणि माणसांच्या जागी सावल्या.

चहाच्या वेळी त्यातली एक सावली माझ्याकडं आली. पंचविशीतला पोरगा, बिहारकडचा. “भैया, एक मेरा भी निकालो ना. घर भेजना है. चेहरा आना चाहिए.” मी त्याला मिलच्या कडेला उभं केलं आणि सवयीनं म्हणालो, “हाथ आगे करो.” त्यानं हातमोजा काढला. तळवा ग्रीसनं काळाकुट्ट. त्यानं तो पँटला पुसला, पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून पुन्हा पुसला. रेषांतलं काळं निघेना. त्यावर मीटर धरला असता तर चेहरा वाहून गेला असता. मग मी त्याच्या चेहऱ्याशेजारी, त्याच उजेडात माझा हात धरला. मोजलं. एक घर उघडलं.

काढणार तेवढ्यात तो म्हणाला, “पीछे सरिया भी आना चाहिए. माँ पूछती है क्या बनाता है.”

सळई यायची वाट बघत थांबलो. आली. पंधरावा हिस्सा, श्वास रोखून, खांबाला टेकून. पडद्यावर चेहरा अगदी हवा तसा होता, भुवयांवरची राख दिसत होती, आणि मागं सळईच्या जागी एक पांढरी फटक पट्टी, रंगाचा मागमूस नाही. सांगायला लागलो की सळई बिघडली, लाल येणार नाही. त्यानं ऐकलंच नाही. खिशातून मोबाइल काढून माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याचाच फोटो घेतला, तिथंच उभं राहून पाठवला, आणि हातमोजा चढवत रोलकडं पळाला.